पाकविद्येचे शिक्षण आणि आपला समाज



ज्ञातीच्या संमेलनात डॉक्टर, वकील, अभियंते यांचा गौरव होतो, तो योग्यच आहे. आज आम्ही मात्र स्वयंपाक शिकविणाऱ्या एका बाईंविषयी बोलणार आहोत.

थंगम फिलिप यांचा जन्म १९२१ सालचा, कोळिकोडचा. गृहविज्ञानाचे शिक्षण घेऊन त्या पुढे मुंबईस आल्या. तेथे लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने १९५४ साली खाद्यविद्येची संस्था निघाली होती. तीच आज दादरला आहे. बाई तिच्या प्राचार्य झाल्या आणि पाककलेस त्यांनी फळा, वही, तराजू व परीक्षा दिली. १९६५ साली त्यांचा ‘मॉडर्न कुकरी’ हा ग्रंथ निघाला व हॉटेल-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचे ते पाठ्यपुस्तक ठरले. १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००९ साली त्या निवर्तल्या.

तराजूचे एवढे महत्त्व आम्हांस का वाटते? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पाचशे पानांच्या पंगतीचे वरण, रोडगे, वांग्याची भाजी नुसत्या नजरेच्या अंदाजाने सिद्ध करणारे आचारी गावोगाव होते. मिठाची मूठ किती, हे त्यांच्या तळहातास ठाऊक, कागदास नाही. आचारी गेला की ती मूठही गेली. कमलाबाई ओगले यांनी १९७० च्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, म्हणून त्यांच्या हातची चव परक्या घरच्या नवख्या सुनेसही साधली. घरापुरते ते काम झाले. पंगतीचे आणि खानावळीचे काम शाळेनेच व्हावयाचे.

मग आपल्याकडे अडते कोठे? सोयरिकीच्या बैठकीत “मुलगा काय करतो?” या प्रश्नास “आचारी” असे उत्तर आले की बोलणे तेथेच थांबते. आणि जेवणास नावे ठेवण्यात हीच मंडळी सर्वांत पुढे! मुलीची तर तऱ्हाच निराळी. तिने जन्मभर रांधावे, पण त्याच विद्येची पदवी मागू नये, हा कोणता न्याय?

बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन दादरच्या संस्थेत जाता येते. शेगाव-मलकापूरहून मुंबईची गाडी सरळ आहे. मात्र शुल्क आणि राहण्याचा खर्च शेतकरी कुटुंबास जड जातो. म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, विद्यार्थी-साहाय्य निधीच्या नियमांत वैद्यकी व अभियांत्रिकीच्या ओळीतच पाकशिक्षणाचेही नाव घालावे, आणि ते यंदाच्या अर्जांची मुदत संपण्यापूर्वी घालावे.