फी किती, हा अर्धाच प्रश्न



तुमच्यापैकी अनेकांची मुलं, सुना, भाचरं अमेरिकेत आहेत. त्यांच्यातलं कुणीतरी कम्युनिटी कॉलेजात जायला लागलं की इकडे आपण जरा नाक मुरडतो. तसं करायचं कारण नाही. 1901 साली इलिनॉयमध्ये जोलिएट ज्युनियर कॉलेज निघालं, तेव्हापासून घराजवळ, कमी फीत दोन वर्षांची पदवी देण्याची ही परंपरा चालत आली आहे. इस्पितळांना आणि दवाखान्यांना डॉक्टरांखेरीज जी माणसं लागतात, म्हणजे एक्स-रे काढणारी, व्हेंटिलेटर सांभाळणारी, दातांच्या दवाखान्यातली हायजिनिस्ट, ती मोठ्या संख्येने याच कॉलेजांतून तयार होतात. पण या पदवीचा जमाखर्च बहुतेक घरांत अर्धवट मांडला जातो, म्हणून आज तो पुरता मांडू.

आधी फी. 2024-25 मध्ये स्थानिक विद्यार्थ्याला सरकारी कम्युनिटी कॉलेजची वर्षाची फी देशभरात सरासरी 4,050 डॉलर होती. राज्याच्या चार वर्षांच्या विद्यापीठात हाच आकडा 11,610 होता. कॅलिफोर्नियात रहिवाशांना एका युनिटला 46 डॉलर पडतात, म्हणजे 60 युनिटांची पदवी 2,760 डॉलरमध्ये. गरीब घरच्या विद्यार्थ्याला मिळणारी पेल ग्रँट त्या वर्षी जास्तीत जास्त 7,395 डॉलर होती, म्हणजे सरासरी फी भागून वर पैसे उरतील एवढी.

आता कमाई. मे 2024 च्या सरकारी आकडेवारीत डेंटल हायजिनिस्टचं मध्यक वार्षिक वेतन सुमारे 94 हजार डॉलर, व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या रेस्पिरेटरी थेरपिस्टचं 80 हजार आणि एक्स-रे तंत्रज्ञाचं 77 हजारांच्या पुढे आहे. सगळ्या नोकऱ्या मिळून मध्यक साडेएकोणपन्नास हजारांच्या आसपास. मध्यक म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी मिळतं, आणि नवख्यांचा भरणा त्याच निम्म्यात असतो, हे विसरू नका.

फी चार हजार आणि पगार ऐंशी हजार एवढंच पाहून लोक खूश होतात. मधला काळ ते हिशेबातच धरत नाहीत. कागदावरची दोन वर्षं प्रत्यक्षात तीनाच्या घरात जातात, कारण शरीररचना, शरीरक्रिया, गणित हे विषय आधी चांगल्या गुणांनी उरकावे लागतात. जागा थोड्या, अर्ज फार. प्रवेश मिळाला की क्लिनिकल, म्हणजे इस्पितळातलं प्रत्यक्ष शिक्षण, सुरू. एक्स-रेचा विद्यार्थी सकाळी सातला इस्पितळात हजर. खुबा मोडलेल्या आजींना स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायचं, दुखू न देता योग्य कोनात ठेवायचं, श्वास रोखायला सांगायचा, आणि हे सगळं परवानाधारक तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली. या तासांचा सहसा एक डॉलरही मिळत नाही, आणि दिवसाची नोकरीही करता येत नाही.

समजा, एक मुलगी दुकानात तासाला 15 डॉलरवर काम करते. वर्षाचे 30 हजार. क्लिनिकलच्या दोन वर्षांत काम निम्म्यावर आलं, तर 30 हजार बुडाले. तीन वर्षांची फी 12 हजार. एकूण 42 हजार. खर्चाचा मोठा वाटा बुडालेल्या पगाराचा आहे, फीचा नाही. पुढे तिला 54 हजारांची नोकरी लागली, तर करापूर्वीच्या हिशेबाने पावणेदोन वर्षांत सगळं वसूल. सौदा उत्तमच आहे. पण क्लिनिकलच्या पहिल्याच वर्षाअखेर तिने शिक्षण सोडलं, तर 23 हजार गेले आणि हाती परवाना नाही. म्हणून खरी जोखीम शिक्षण अर्धवट सुटण्यात आहे.

दुसरी गोष्ट, 'आरोग्यक्षेत्र' या नावाला भुलू नका. त्याच मे 2024 च्या आकडेवारीत मेडिकल असिस्टंटचं मध्यक वेतन 44 हजारांच्या आसपास आहे, आणि त्यासाठी साधारणपणे पदवी लागतही नाही. छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरतो. असेच अभ्यासक्रम नफेखोर कॉलेजांनी भरमसाट फी घेऊन विकले. त्यातली कॉरिंथियन ही साखळी 2015 मध्ये बंद पडली, आणि 2022 मध्ये सरकारला 5 लाख 60 हजार कर्जदारांचं 5.8 अब्ज डॉलर कर्ज माफ करावं लागलं.

आपल्या लोकांसाठी आणखी एक. जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-4 व्हिसावर शिकता येतं, पण पेल ग्रँट मिळत नाही. कामाची परवानगीही जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचल्याशिवाय मिळत नाही. तोवर पदवी असूनही पगार शून्य.

तेव्हा घरच्यांना फोन कराल, तेव्हा फी विचारून थांबू नका. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण तो पुरा करतात, परवाना परीक्षेत पहिल्या फटक्यात किती पास होतात आणि वर्षभरात किती जणांना नोकरी लागते, हे विचारा. एक्स-रेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना हे आकडे जाहीर करावेच लागतात. जे कॉलेज ते दाखवायला का-कू करतं, तिथे फुकट जागा मिळाली तरी घेऊ नका.