आठ जणांत जर्सी एकालाच



क्रिकेटचा संघ जाहीर झाला की आपल्याकडे चहाच्या टपरीवर वाद रंगतो. याला का घेतलं, त्याला का वगळलं? बेल्जियममध्ये दरवर्षी असाच वाद रंगतो सायकलस्वारांवरून. निमित्त असतं जागतिक अजिंक्यपदाच्या रस्ता शर्यतीचं. पण तिथे निवडीपेक्षा अवघड एक प्रश्न असतो. निवडलेल्यांपैकी जिंकायचं कोणी, आणि त्याच्यासाठी राबायचं कोणी?

हा प्रश्न का पडतो, ते आधी सांगतो. ही शर्यत एका दिवसाची, पण अंतर साधारण २६० ते २७० किलोमीटर. क्रमवारीत वरच्या असलेल्या देशांना पुरुषांच्या शर्यतीत आठ जण उतरवता येतात. विजेत्याला पांढरी जर्सी मिळते. तिच्या छातीवर निळा, लाल, काळा, पिवळा आणि हिरवा असे पाच पट्टे असतात. पुढचं वर्षभर ती घालून शर्यती करण्याचा मान त्याचा एकट्याचा. आठ जण घाम गाळतात, जर्सी एकालाच मिळते.

आणि राबणं म्हणजे काय? मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्यांनी रस्त्याकडेला उभं राहून पाहिली असेल, त्यांच्या ते चटकन लक्षात येईल. सपाटीवर सगळे थव्याने जातात, आणि बोरघाट लागला की थवा फुटतो. सपाटीवर पुढचा स्वार वारा अंगावर घेतो. त्याच्या चाकामागे चिकटून जाणाऱ्याची मेहनत एक तृतीयांशाच्या आसपास वाचते. म्हणून प्रमुख स्वाराला पाच-सहा तास आडोशाला ठेवायचं आणि साथीदारांनी वारा खायचा, ही या खेळाची रीत आहे.

यात एक गाठ आणखी आहे. हे स्वार वर्षभर वेगवेगळ्या व्यावसायिक संघांकडून खेळतात. पगार तिथला, मैत्री तिथली. या शर्यतीच्या दिवशी ते देशाची जर्सी घालतात, आणि कालचा प्रतिस्पर्धी आज साथीदार होतो.

ती गाठ सुटली नाही की काय होतं, ते बेल्जियमने तीनदा सोसलं आहे.

पहिला प्रसंग १९६३चा, बेल्जियममधल्याच रोन्से गावातला. रिक व्हॅन लोय हा त्या देशाचा लाडका. १९६० आणि १९६१ अशी दोन जगज्जेतेपदं त्याच्या नावावर होती. तिसरं घरच्या माणसांसमोर मिळवायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचं, असं ठरलेलं. व्हॅन लोयने शेवटची झेप घेतली, पण जरा लवकर. रेषेपाशी त्याच्या शेजारून त्याच्याच संघातला २२ वर्षांचा बेनोनी बेहेट पुढे सरकला आणि जिंकला. बेहेटचा हात व्हॅन लोयच्या अंगाला लागलेला छायाचित्रात दिसतो. ढकललं, की अंगावर येणाऱ्याला थोपवलं? तो वाद मिटला नाही. देश जिंकला होता, तरी गावात सुतक पडल्यासारखं झालं. बेहेटने तिशीच्या आतच शर्यती सोडल्या.

दुसरा प्रसंग १९७३चा, बार्सिलोनाचा. अखेरीस चौघे पुढे उरले. त्यांत दोघे बेल्जियमचे. एक एडी मर्क्स, या खेळातला आजवरचा सर्वांत थोर मानला जाणारा स्वार. दुसरा फ्रेडी मार्टेन्स, २१ वर्षांचा, झेपेला अतिशय वेगवान. समोर इटलीचा फेलिचे जिमोन्डी आणि स्पेनचा लुईस ओकान्या. हिशेबाने बेल्जियम हरायलाच नको होतं. मार्टेन्सने मर्क्ससाठी वेग वाढवला. मर्क्सचे पाय मात्र संपले होते. जिमोन्डी जिंकला, मार्टेन्स दुसरा, मर्क्स चौथा. पुढे कित्येक वर्षं दोघे एकमेकांना दोष देत राहिले.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा. २०२१ साली शर्यत अँटवर्पहून निघून लूव्हेनला संपणार होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना बेल्जियमची माणसं दाटीने उभी होती. संभाव्य विजेता म्हणून सगळ्यांच्या तोंडी वाउट व्हॅन आर्टचं नाव. त्याच्यासाठी राबणाऱ्यांत २१ वर्षांचा रेम्को एव्हेनेपूल होता. त्याने तासन्‌तास वारा अंगावर घेतला, वेग चढा ठेवला. आणि शेवटी कळलं, की व्हॅन आर्टच्या पायांत त्या दिवशी दम नाही. एरवीच्या मोठ्या शर्यतींत स्वारांच्या कानात रेडिओ असतो, पण जागतिक शर्यतीत त्याला मनाई आहे. शेजारी जाऊन तोंडाने सांगावं लागतं. ते वेळेवर सांगितलं गेलं नाही. फ्रान्सचा ज्युलियन अलाफिलीप एकटाच सुटला आणि जिंकला. वर्षभर तो एव्हेनेपूलच्याच व्यावसायिक संघात असे. लूव्हेनमध्येच जन्मलेला यास्पर स्टायव्हन चौथा आला, पदकाविना. काही दिवसांनी एव्हेनेपूल दूरचित्रवाणीवर म्हणाला, की माझ्यात जिंकण्याची ताकद होती. व्हॅन आर्टला ते लागलं.

श्रोतेहो, मला खरी थोरवी दिसते ती याच्या पुढच्या वर्षात. २०२२ची शर्यत ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगला होती. सोपा मार्ग एकच होता, दोघांपैकी एकाला वगळायचं. निवडकर्त्याने दोघांनाही घेतलं, आणि वाटणी आधीच मांडली. एव्हेनेपूलने लांबूनच सुटायचं, व्हॅन आर्टने मागे थांबून अखेरच्या झेपेसाठी ताकद राखायची. आता प्रतिस्पर्धी पेचात पडले. एव्हेनेपूलचा पाठलाग करावा, तर आपल्याच मेहनतीवर व्हॅन आर्ट रेषेपर्यंत पोहोचतो. एव्हेनेपूल शेवटचे जवळपास २५ किलोमीटर एकटा गेला आणि दोन मिनिटं एकवीस सेकंदांच्या फरकाने जिंकला. व्हॅन आर्ट चौथा आला. २०१२नंतर प्रथमच ती जर्सी बेल्जियमला मिळाली.

निकालाच्या कागदावर चौथ्या क्रमांकापुढे पदक नसतं. पण त्या दिवशीच्या सोन्यात व्हॅन आर्टच्या संयमाचा वाटा मला स्पष्ट दिसतो. आदल्या वर्षी ज्याच्यासाठी दुसरा झिजला, तो या वर्षी त्याच्यासाठी थांबला.

म्हणून या सप्टेंबरात संघांच्या याद्या येतील, तेव्हा सर्वांत मोठ्या नावावर नजर खिळवू नका. त्या नावाखालची सात नावं वाचा. यांतलं कोण वारा खाणार आहे, आणि पाय संपले तर वेळेवर ‘आज माझ्याने होत नाही, तू जा’ असं म्हणण्याइतका मोठेपणा कोणात आहे, हे शोधा. शर्यत पुष्कळदा त्या एका वाक्यावर ठरते.