जखमेतल्या पांढऱ्या पेशी : स्वागताध्यक्षांचे भाषण





जखमांवरची परिषद नीरा-भीमेच्या संगमाकडच्या या बावड्यात का, याचं उत्तर आमच्या शिवारात आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोयता निसटून नडगीवर बसतो, पाचटानं हात चिरतात. चिंधी बांधून माणूस पुन्हा फडात उतरतो, कारण तोड थांबली की मजुरी थांबते. आणि मधुमेह जुना झालेल्या आमच्या शेतकऱ्याला तळपायात काटा मोडल्याचं कळतही नाही. आठवड्यानं दोघेही दवाखान्यात येतात. वरून दोन्ही जखमा ओल्या, लालच दिसतात. आत मात्र फार फरक असू शकतो, आणि तो पांढऱ्या पेशींवरून ओळखता येतो.

जखम झाल्यावर काही तासांत न्यूट्रोफिल पोचतात. पहिले एक-दोन दिवस त्यांचेच. लेशमननं रंगवलेल्या काचेवर ते लगेच ओळखू येतात: केंद्रकाचे तीन ते पाच तुकडे, बारीक धाग्यांनी जोडलेले. साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत मॅक्रोफेज वरचढ होतात. रक्तात ते मोनोसाइट असतात, केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखं. जखमेत आले की फुगतात, मेलेले न्यूट्रोफिल गिळतात आणि ओळखीचे राहत नाहीत. लिम्फोसाइट त्यानंतर वाढतात. गोल, गडद केंद्रकाभोवती निळसर कड तेवढी दिसते.

खरी अडचण मॅक्रोफेजची. ऊतीच्या कापात तो आणि आडवा कापला गेलेला फायब्रोब्लास्ट यांत अनुभवी डोळाही फसतो. म्हणून मोठ्या प्रयोगशाळा प्रतिपिंडांचे रंग वापरतात: मॅक्रोफेजसाठी सीडी ६८, टी-लिम्फोसाइटसाठी सीडी ३, न्यूट्रोफिलसाठी मायलोपेरॉक्सिडेज.

एवढा खटाटोप कशासाठी? लायबोविच आणि रॉस यांनी 1975 साली गिनीपिगच्या शरीरातले मॅक्रोफेज औषधांनी आणि प्रतिरक्तद्रवानं घटवले, तेव्हा जखमेची सफाई रखडली आणि भरणंही लांबलं. त्याआधी 1972 मध्ये सिम्पसन आणि रॉस यांनी न्यूट्रोफिल घटवले होते. तरी जंतुविरहित जखम नेहमीसारखीच भरली. जंतूंशी लढायला न्यूट्रोफिल हवेतच, पण जखमेला मांस धरायला मॅक्रोफेजचा हात लागतो. मधुमेहाच्या चिघळलेल्या जखमेत न्यूट्रोफिल रेंगाळतात, आणि मॅक्रोफेज दाह थांबवून बांधणीकडे वळायला हवेत ते वळत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. दंडातून काढलेल्या रक्ताची यंत्रावरची गणना जखमेच्या आतलं सांगत नाही. रक्तात न्यूट्रोफिल वाढले म्हणजे शरीरात कुठंतरी दाह आहे, एवढंच. जखमेच्या तळावर काच टेकवून घेतलेला ठसा गावातही रंगवता येतो. त्यावरून निदान पक्कं होत नाही, जंतुपरीक्षा आणि पायातला रक्तपुरवठा पाहावाच लागतो. पण दहाव्या दिवशीही काचेवर न्यूट्रोफिलचाच खच दिसला, तर नुसतं ड्रेसिंग बदलून रुग्णाला घरी पाठवू नये. आणि चिठ्ठीवर जखम कोणत्या दिवसाची आहे ते लिहावं. तो दिवस माहीत नसेल तर काच वाचणाऱ्याला पेशी ओळखूनही अर्थ लावता येत नाही.

बारामतीला 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड जखमेचा तुकडा ऊतीपरीक्षेसाठी पुण्या-मुंबईलाच धाडावा लागतो, हा समज आता सोडू या.

मागच्या दालनात सूक्ष्मदर्शकांवर पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या काचा लावल्या आहेत. दिवस मुद्दाम झाकले आहेत. चहाच्या सुट्टीत तिथं जा, पेशी ओळखा, दिवस कागदावर लिहा. दुपारच्या सत्रात त्यावरच चर्चा होईल.