आठवणीतले खाचर



चित्रकाराला व्याख्यानपीठावर उभे करणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. तेव्हा सिद्धान्त न मांडता मी एका चित्राची हकीकत सांगतो.

१९६२ सालच्या श्रावणात आम्ही घरची मंडळी अंधेरीहून बोरिवलीला गाडीने उतरलो आणि कान्हेरीची लेणी पाहायला पायी निघालो. मी नऊ वर्षांचा होतो. बोरिवली १९५७ सालीच बृहन्मुंबईच्या हद्दीत आली होती, पण भाताच्या खाचरांना ते कोणी कळवले नसावे.

साठ वर्षांनी ती वाट रंगवायला बसलो. आठ दिवसांत चित्र झाले : हिरवे शेत, कौलारू घर, दोन माड, बैलगाडी. सर्वांनी वाखाणले. थोरली बहीण मात्र बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "अरे, बांधावरून बैलगाडी जाते का? तुझी चप्पल चिखलात रुतली नि तू भोकाड पसरलेस. इरले घेतलेल्या एका बाईंनी ती उपसून दिली."

मी ओशाळलो. ती बैलगाडी मी पाहिलीच नव्हती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरातून आली होती.

आता, परदेशी चित्रकारांनी हे कसे केले? टॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम १७९३ साली मुंबईस आले, साष्टीत हिंडले. पुढे इंग्लंडात त्यांनी छापलेल्या चित्रांत कान्हेरीही आहे. पण त्यांच्याजवळ जागेवर काढलेली रेखाटने होती. पेटीच्या यंत्रातून दिसणारी आकृती ते कागदावर गिरवून घेत. उलट फ्रान्सच्या कोरोने १८६४ साली 'मोर्तफोंतेनची आठवण' रंगवले, ते चित्रशाळेत बसून. तो हुबेहूब देखावा नव्हे, आणि 'आठवण' असे नावच देऊन त्याने ते कबूलही केले. माझ्याजवळ रेखाटन नव्हते आणि कोरोचा हातही नव्हता. शिवाय ती खाचरे आता बुजली आहेत; माझी नात चित्र पाहून "बोरिवली अशी होती?" असे विचारते, तेव्हा खोटी बैलगाडी दाखवणे मला जड जाते.

म्हणून गाडी पुसली, माडही पुसले. तरी चित्र बसेना. मग चूक ध्यानात आली. क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, आणि मी ते शेत साठीपलीकडच्या उंच माणसाच्या नजरेने पाहत होतो. नऊ वर्षांच्या पोराला खाचरातले पाणी वरून पसरलेले दिसत नाही. त्याला पाण्याची अरुंद पट्टी दिसते, बांधावरचे गवत मोठे दिसते, आणि समोरची बाई इरल्यासकट आभाळात शिरते. नजर खाली आणली, तसा चिखलही आठवला, त्याचा गारवाही.

त्या बाईंचा चेहरा मात्र मला आठवत नाही. ताईलाही नाही. चित्रात त्या पाठमोऱ्या आहेत.