मेहुण्याला काय सांगू?

तरुण मित्रांनो,

तुम्हाला बक्षिसं घेताना पाहिलं, मन भरून आलं. मी माजी आमदार. राजकारणावर बोला म्हणालात, तर जे सलतंय तेच बोलतो.

माझ्या पहिल्या निवडणुकीत एक कार्यकर्ता सायकलला खळीची बादली अडकवून रात्रभर पोस्टर चिकटवायचा. सख्खा मेहुणा विरोधी पक्षात, म्हणून त्याची बायको दोन दिवाळ्या माहेरी गेली नाही. पुढं वरच्या पातळीवर युती झाली, दोन्ही झेंडे एकाच व्यासपीठावर आले. तो वाड्यावर आला आणि म्हणाला, "साहेब, आता मेहुण्याला काय सांगू?" मी गप्प राहिलो. तो परत कधी प्रचाराला आला नाही.

आमचा काळ सोवळा होता असं मी म्हणणार नाही. १९७८ साली काँग्रेसमधून फुटूनच पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं, सरकार आलं. १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा झाला, त्यातली एकतृतीयांश लोकप्रतिनिधी एकत्र फुटले तर चालतं ही पळवाट २००३ साली बुजवली. तरी २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी. पूर्वी माणूस पक्ष सोडून जायचा. आता पक्षाचं नाव आणि चिन्हच सोबत नेतो.

मतदार मात्र भोळा नाही. लातूरकरांनी १९९५ साली विलासराव देशमुखांना पाडलं, १९९९ साली त्यांनाच निवडून दिलं आणि ते मुख्यमंत्री झाले. आणि आपलं नांदेड बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, तरी जूनमध्ये खासदार झाले काँग्रेसचे वसंतराव चव्हाण. त्यांच्या निधनामुळे २० नोव्हेंबरला लोकसभेची पोटनिवडणूक झाली, विधानसभेच्याच दिवशी, त्याच केंद्रांवर. मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा भाजपच्या महायुतीला गेल्या आणि लोकसभेला काँग्रेस १,४५७ मतांनी आली! कितीतरी माणसांनी एकाच रांगेत उभं राहून दोन यंत्रांवर दोन वेगळे कौल दिले. याला मी शहाणपण म्हणतो.

अठरा पूर्ण झालेल्यांनी सहा नंबरचा अर्ज भरा, मतदार यादीत नाव घाला. आणि तुमच्या गावचा आमदार पक्ष बदलेल त्या आठवड्यात त्याला पारावर बोलवा, समोर बसवा, कारण विचारा. त्या कार्यकर्त्याला मी जे उत्तर दिलं नाही, ते तुम्ही मागून घ्या.