रथाचा दोर अनेकांच्या हाती

(जळगाव येथे कार्यकर्त्यांच्या सहकुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



कार्तिक शुद्ध एकादशीला आपल्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली हा उत्सव सुरू केला. पुढे १८७६चा दुष्काळ दख्खनने सोसला, १८९९चा खानदेशानेही सोसला. परंपरा मात्र आजही चालू आहे. रथ ओढणारे हात अनेक असतात आणि चाकाला मोगरी लावणारे मोजकेच; पण दोघांवाचून रथ नीट चालत नाही. आपल्या धर्मसंस्थांच्या अर्थकारणाचेही तसेच आहे.

मार्च २०२० मध्ये मंदिरांची दारे बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. दानपेटी रिती राहिली. परंतु नंदादीप, नैवेद्य, पुजाऱ्यांचे मानधन आणि विजेचे देयक यांना टाळेबंदी नव्हती. ठेवींचे व्याजही त्याच काळात घटले. केवळ गर्दीवर किंवा दोन-चार धनिकांवर विसंबणारी संस्था संकटात किती उघडी पडते, हे तेव्हा कळले.

कपाशीचा भाव पडला, वादळाने केळीची बाग आडवी झाली, म्हणजे प्रश्न उभा राहतो : मुलांचे शुल्क भरावे की मंदिराला द्यावे? उत्तर स्पष्ट आहे. आधी मुलांचे शुल्क भरावे. कर्ज काढून दान करावे, असे धर्म सांगत नाही. म्हणूनच मागणी लहान हवी. पण ती नियमित हवी आणि घराघरांतून हवी. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. २०२१च्या श्रीराम मंदिर निधी समर्पण अभियानात दहा रुपयांचेही कूपन होते. देणाऱ्याची ऐपत वेगळी असली, तरी त्याचा अधिकार समान मानला गेला.

आता मोगरीविषयी. विश्वस्तांनी हिशेब केवळ धर्मादाय आयुक्तांसाठी ठेवू नये. दरमहाचा जमाखर्च सभामंडपातील फलकावर लागावा, प्रत्येक रुपयाची पावती मिळावी. काटकसर करायचीच झाली, तर ती रोषणाईत व्हावी, अन्नदानात नव्हे. आणि काल देणारा आज अडचणीत असेल, तर त्याच्या घरी प्रसादाचे ताट संस्थेने स्वतःहून, गाजावाजा न करता पोहोचवावे. समाजाकडून घेणारी संस्था समाजाला सावरतेही, हा विश्वास हाच तिचा खरा कायमनिधी होय.

माझी विनंती एवढीच. प्रत्येक घराने देवघराशेजारी एक डबा ठेवावा. सुगीत त्यात अधिक पडेल, टंचाईत एखादेच नाणे पडेल. तो महिन्याच्या अखेरीस मुलांच्या हातून मंदिरात पोहोचवावा आणि फलकावरचा हिशेबही त्यांनाच वाचायला सांगावा. देणे आणि विचारणे हे दोन्ही संस्कार त्यांना एकाच वेळी मिळू देत.