गोळी हवीच, पण ताटातला वाटाही हवा

(तालुका महिला मेळाव्यात, आरोग्याच्या सत्रात केलेले भाषण)



आधी माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी वस्तीत रक्तवाढीच्या गोळ्या वाटत असे. एका घरामागच्या उकिरड्यावर लाल गोळ्यांच्या पट्ट्या पडलेल्या दिसल्या. त्या घरच्या गरोदर सुनेला मी चारचौघींत बोलले, "फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही तुम्हाला!" ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, उपाशीपोटी घेतली की मळमळतं. जेवून घ्या म्हणता, तर पोटभर जेवण एकदाच, रात्री, सगळ्यांचं झाल्यावर. तेही उरलं तर."

मला उत्तर सुचलं नाही. आज बोलणार आहे ते तिनेच शिकवलेलं.

गोळ्या वाटण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० सालापासून चालू आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हेच प्रमाण २५. आपल्या महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ५४. एवढ्या साऱ्याजणी काय आळशी आणि अडाणी आहेत?

पाळीत दर महिन्याला रक्त जातं. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या हिशोबानुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. म्हणजे जिची गरज जास्त, तीच शेवटी जेवते आणि भाजी संपली की चटणीवर भागवते.

याचा अर्थ गोळी नको असा काढू नका. हिमोग्लोबीन आठ-नऊवर आलं की नुसत्या गूळ-शेंगदाण्यांनी भागत नाही. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस गोळी घ्यायची असते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबू, आवळा मात्र चांगला. त्याने लोह अंगी लागतं. सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. आणि नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल तर पुन्हा तपासणी मागा. जंत असतील, अंगावरून जास्त जात असेल, किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल.

आता टॉनिकचं. जाहिरातीतली बाई दोन चमचे पिते आणि घर, नोकरी, मुलं, सासूसासरे सगळं हसत सांभाळते. ती दमते कशाने, हे जाहिरात सांगत नाही. पाणी कोण भरतं, पहाटे कोण उठतं, हा प्रश्न बाटलीत बुडवून टाकला जातो. तीच गत सलाईनची. 'ताकदीची बाटली' म्हणून दोन दिवसांची मजुरी आपण मोजतो. त्यात असतं मीठ-पाणी, नाहीतर साखर-पाणी. त्याने रक्त वाढत नाही. त्याच पैशांत डाळी, पालेभाज्या, अंडी येतील. पण ती आणल्यावर आपल्या ताटात पडली पाहिजेत!

म्हणून आपल्या मागण्या दोन्हीकडे हव्यात. उपकेंद्रात गोळ्या संपल्या तर पाच-दहाजणींनी मिळून जाब विचारायचा. रक्त तपासलं की आकडा विचारून घ्यायचा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबीन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, हे पाठ करून ठेवा. आणि घरात? तिथे मोर्चा नेता येत नाही. तिथे बोलावंच लागतं.

त्या सुनेच्या घरी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तिच्या सासूशी बोललो. ती म्हणाली, "आम्हीबी असंच जेवलो की." बोलताना तिचा आवाज मात्र दुखरा होता. सात बाळंतपणं झाली होती तिची. आता त्या घरात सासू-सुनांची ताटं बरोबर वाढली जातात. रोज नाही, पण वाढली जातात.

आज घरी गेल्यावर तुमचं ताट केव्हा वाढलं जातं आणि त्यात काय पडतं, तेवढं बघा. पुढच्या बैठकीत त्यावरच बोलू.